प्रोसेसर थंड ठेवायला कॉम्प्रेसरचं गार पाणी: मुंबईच्या दमट हवेत जमतं का?

खाडीकाठ | ९ जून, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. भांडुपला तिसऱ्या मजल्यावर राहतो. धाकटी बहीण आर्किटेक्ट लोकांसाठी वॉकथ्रू बनवते, म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारे व्हिडिओ. रात्री दहाला रेंडर (संगणकाने व्हिडिओची एकेक फ्रेम काढायचं काम) लावायचा आणि सकाळी फाइल घेऊन दादर गाठायचं, असं तिचं काम. मशीनमध्ये रायझन ९ ७९५०एक्स आहे. पूर्ण भारावर हा प्रोसेसर २३० वॅटपर्यंत वीज ओढतो आणि ९५ अंशांना टेकला की आपणहून वेग कमी करतो. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत मे महिन्यात रात्रीसुद्धा ३३ अंश असायचे. तीन पंख्यांचा तयार लिक्विड कूलर होता, पण त्यातलं पाणीच ४२ अंशांवर जायचं आणि प्रोसेसर रात्रभर ९५ ला चिकटून बसायचा. पंख्यांच्या आवाजात तिला झोप लागत नसे, आणि खोलीत हीटर लावल्यासारखं व्हायचं ते वेगळंच.

घरात एक टनाचा जुना विंडो एसी पडून होता. त्याची पेटी काढली, कूलिंग कॉइल नळ्या न मोडता हळूहळू खाली वाकवली आणि वीस लिटरच्या टबात बुडवली. टबातलं पाणी पंपाने प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये (आतून पाणी फिरणारी धातूची ठोकळी), तिथून परत टबात. नळ्यांवर एसीच्या पाइपला घालतात ती काळी रबरी नळी चढवली. सॉकेटभोवती, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेभोवती, फोमची चौकट कापून बसवली. पहिल्या रात्री पाणी १२ अंशांवर आणलं. पूर्ण भारावर प्रोसेसर ६६! बहिणीने दोनदा आकडा वाचून दाखवला.

तिसऱ्या रात्री पहाटे चारला मशीन बंद पडलं. उघडून पाहिलं तर पुढून सगळं कोरडं. मग मदरबोर्ड सोडवून उलटा केला. सॉकेटच्या बरोबर मागे, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत मोहरीएवढे थेंब ओळीने बसले होते. दोन पिनांच्या मधल्या जागी हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती. रबरी नळी दाबली तर आतून पाणी पिळून निघालं. बोर्ड गेला. प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिला, तो वाचला आहे.

पुढचा बोर्ड घ्यायच्या आधी विचारतो आहे. मुंबईत, पावसाळ्यात, कुणी हे कायमस्वरूपी चालवलं आहे का? सगळं हवाबंद करून, सॉकेटमागे व्हॅसलीन, ग्रीस वगैरे भरून गार पाणीच वापरावं, की हा नाद सोडावा? बहिणीची पुढची मोठी डिलिव्हरी ऑगस्टमध्ये आहे.

सावनी_फ्रेम | १० जून, सकाळी ८.०५

मीही ॲनिमेशनमध्येच आहे, म्हणून त्या पहाटे चारची कल्पना करू शकते. पण खोलीत स्प्लिट एसी लावून मोकळं का होत नाही? खोली २६ ला आली की साध्या रेडिएटरमधलं (पंख्याची हवा लागून पाणी निवतं ती जाळी) पाणी ३४-३५ ला राहतं. माझं तसंच चालू आहे.

खाडीकाठ | १० जून, सकाळी ९.२०

एसी आहे, पण हॉलमध्ये. तो पूर्वीच्या विंडोच्या जागी घेतला, बाबांना दम्याचा त्रास म्हणून. बहिणीच्या खोलीत दुसरा घ्यायचा तर दर रात्री चार-पाच युनिटं, आणि तीही २३० वॅटच्या एका चिपसाठी पूर्ण खोली गार करण्यात. उष्णता जिथे तयार होते तिथूनच उचलून गॅलरीबाहेर टाकता आली तर हवी आहे.

इंजिनरूम | १० जून, दुपारी ३.१५

तीस वर्षं जहाजावर होतो, त्यातली बरीच शीतगृहं आणि एसी प्लांट सांभाळण्यात गेली. तुमच्या धाग्यातलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: उष्णता जिथे तयार होते तिथून उचलून बाहेर टाकायची. ते धरून ठेवा. १२ अंशांचा आकडा मात्र डोक्यातून काढून टाका.

फ्रीजमधली बाटली काढून टेबलावर ठेवली की तिच्याभोवती पाण्याचं कडं उमटतं. बाटली गळत नसते. तिच्या पृष्ठभागाला लागलेली हवा दवबिंदूच्या खाली जाते आणि तिच्यातली वाफ काचेवर पाणी होऊन बसते. दवबिंदू हे तापमान आहे, हवेत किती वाफ आहे त्यावर ठरणारं. एक सोपं गणित पाठ करा: शंभरातून सापेक्ष आर्द्रता वजा करा, त्याला पाचने भागा, आणि येईल तो आकडा हवेच्या तापमानातून वजा करा. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर ३० वजा ४, दवबिंदू २६. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेपर्यंत हे अगदी पुरेसं बरोबर येतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याखाली ती जातच नाही.

म्हणजे जून ते सप्टेंबर तुमच्या घरात २६ अंशांच्या खालची कुठलीही उघडी वस्तू भिजणारच. तुम्ही पाणी १२ वर ठेवलंत. चौदा अंशांचा फरक! रबरी नळीने पाणी अडवता येतं, वाफ अडवणं फार कठीण. सुईएवढी फट राहिली तरी तिथून वाफ आत शिरते, आत गार धातू सापडतो, तिथे तिचं पाणी होतं, मग आतली हवा कोरडी होते म्हणून बाहेरची आणखी वाफ ओढली जाते. म्हणून तुमची नळी आतून भरली. जहाजावर गार पाण्याच्या लाइनीचं इन्सुलेशन एका सांध्यावर उघडं राहिलं की महिन्याभरात दोन-तीन हात लांबीचं आवरण भिजून जड होतं, हे मी स्वतः कापून पाहिलेलं आहे. आणि सॉकेटच्या शेकडो पिना म्हणजे धातूच्याच काड्या. त्या गारवा बोर्डाच्या मागच्या बाजूला नेतात. पुढे कितीही फोम लावा, मागची बाजू घामेजतेच.

ग्रीस, व्हॅसलीन भरून शून्याखाली जाणारे लोक आहेत. ते एका संध्याकाळच्या विक्रमासाठी करतात आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड पुसून ठेवतात. तुमचं मशीन रोज नऊ तास चालणार आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पाणी दवबिंदूच्या दोन अंश वर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात २८. थेंब बसायला कारणच राहणार नाही, आणि इन्सुलेशनचा प्रश्न जवळजवळ संपतो.

खाडीकाठ | १० जून, संध्याकाळी ७.५०

काका, मनापासून आभार. पण २८ म्हणजे खोलीच्या तापमानाएवढंच झालं ना? मग कॉम्प्रेसरचा खटाटोप कशाला?

इंजिनरूम | १० जून, रात्री ९.३०

तुलना खोलीशी नको, रेडिएटरच्या पाण्याशी करा. रेडिएटरमधून उष्णता हवेत जायची तर पाणी हवेपेक्षा गरम असावंच लागतं. तुमचं ३३ च्या खोलीत ४२ होतं. म्हणजे नऊ अंशांचा चढ. कॉम्प्रेसर हा चढ उलटवू शकतो. पाणी ४२ वरून २८ वर आलं तर चौदा अंश मिळाले, आणि पाणी जितकं उतरतं साधारण तितकीच चिप उतरते, कारण ब्लॉक, थर्मल पेस्ट आणि चिपचं झाकण यांचा अडथळा तोच राहतो. ९५ वरून ८० च्या घरात याल. शिवाय कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी कॉइल, गॅलरीत ठेवलात तर ती २३० वॅट उष्णता खोलीत पडणारच नाही. मी तुमच्या जागी असतो तर प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा हाच फायदा मोठा मानला असता.

तांबट_लालबाग | ११ जून, सकाळी ७.१०

भाऊ, फ्रीज-एसीच्या कामात वीस वर्षं आहे. विंडो एसीची कॉइल पाण्यात बुडवलीत, ते सोडा. दोन कारणं.

एक म्हणजे कॉइलची नळी तांब्याची आणि पाती ॲल्युमिनियमची. दोन्ही धातू एकाच पाण्यात सतत बुडाले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. टबाच्या तळाला बोटाने पुसून बघा, राखाडी पावडर लागेल. तीच पावडर जाऊन प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये बसणार, त्याच्या आतल्या फटी केसाएवढ्या असतात.

दुसरं, एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट उष्णता उचलणारं मशीन. तुम्ही त्याला अडीचशे वॅटचं काम दिलंत. वीस लिटर पाणी ते पाऊण-एक मिनिटात दोन अंश गार करून बंद पडणार. कॉम्प्रेसरमधलं ऑइल गॅसबरोबर लाइनमध्ये जातं, ते परत यायला कॉम्प्रेसर थोडा वेळ सलग चालावा लागतो. मिनिटाच्या आत चालू-बंद, चालू-बंद करत राहिलं तर एक सीझनमध्ये कॉम्प्रेसर बसतो.

आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो: घरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसरही लावू नका. तो उणे वीस-पंचवीसच्या कॉइलसाठी बनवलेला असतो. त्याला वीस-पंचवीस अंशांचं पाणी दाखवलं की परत येणारा गॅस खूप दाट येतो, मोटरवर लोड येतो, ओव्हरलोड ट्रिप होत राहतो. फ्रीजचा दरवाजा काढून आत पीसी ठेवणाऱ्यांचंही हेच होतं. फ्रीज शंभर-दीडशे वॅट उचलतो, पीसी चारशे टाकतो.

तुम्हाला लागतो तो ऑफिसातला स्टीलचा पिण्याच्या पाण्याचा कूलर. चाळीस लिटरवाला. त्याच्यात टाकी स्टेनलेसची, तांब्याची नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली, वरून पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला. पाण्याला ॲल्युमिनियम लागतच नाही. कॉम्प्रेसर पाण्याच्याच तापमानासाठी बनवलेला. ऑफिसं बंद होतात, बाटलीवाले डिस्पेन्सर घेतात, त्यामुळे हे कूलर कुर्ल्याच्या भंगारात पडलेले असतात. टाकी बाहेरून चेपलेली असली तरी चालेल, गॅसची नळी दबलेली नको.

खाडीकाठ | ११ जून, सकाळी ९.००

टब पुसून पाहिला. अगदी पेन्सिलच्या शिशासारखी पावडर लागली बोटाला. फक्त तीन रात्रींत! ब्लॉक उघडला तर पात्यांच्या मधल्या फटींत तीच. दात घासायच्या मऊ ब्रशने आणि व्हिनेगरने साफ केला.

कूलरची कल्पना फारच चांगली वाटते आहे. पण चाळीस लिटरचा कूलर २३० वॅटला पुरतो हे कसं काढायचं?

इंजिनरूम | ११ जून, दुपारी १.४५

तांबट, फार सुंदर सुचवलंत. मला प्लेट हीट एक्स्चेंजरपलीकडे (पत्र्यांमधून गॅस आणि पाणी शेजारी फिरवून उष्णता बदलणारं यंत्र) सुचलं नव्हतं.

हिशोब असा. ताशी चाळीस लिटर पाणी वीस अंशांनी उतरवणारा कूलर धरा. एक लिटर पाणी एक अंश उतरवायला ४.१९ किलोज्यूल काढावे लागतात. चाळीस गुणिले वीस गुणिले ४.१९, म्हणजे ३३५० किलोज्यूल तासाला. ३६०० सेकंदांनी भागलं की ९३० वॅट. प्रोसेसर आणि पंप मिळून २५० धरा. भरपूर आहे, आणि फार जास्तही नाही.

आता टाकीचा उपयोग बघा. चाळीस लिटर पाणी २५० वॅटने दोन अंश तापायला बावीस मिनिटं लागतात. कॉम्प्रेसर चालू झाला की त्याच्या ९३० मधून प्रोसेसरचे २५० वजा, उरलेल्या ६८० वॅटने तेच दोन अंश उतरायला आठ मिनिटं. अर्ध्या तासाचं चक्र झालं. ऑइल व्यवस्थित परत येईल. कूलरचा मूळ थर्मोस्टॅट १०-१५ अंशांसाठी असतो, तो बाजूला काढून दवबिंदूवर चालणारा कंट्रोलर बसवावा लागेल.

बाइट_बंदर | ११ जून, रात्री १०.२०

पेल्टियर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती) वापरलं तर? गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही. लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतं.

इंजिनरूम | ११ जून, रात्री १०.५५

लहान सेन्सर गार ठेवायला उत्तम. २३० वॅटला नाही. बाजारात मिळणाऱ्या १२७०६ मॉड्यूलच्या दोन्ही बाजू सारख्याच तापमानाला असल्या तरच ते पन्नास-साठ वॅट उचलतं. फरक वाढला की उचल घटत जाते, आणि उचललेल्या उष्णतेएवढी किंवा तिच्याहून जास्त वीज स्वतः खातं. ती सगळी उष्णता पुन्हा कुठल्यातरी रेडिएटरनेच काढायची. कॉम्प्रेसर मात्र २८ अंशांच्या पाण्यावर एका वॅट विजेत दोन वॅटच्या पुढे उष्णता उचलतो.

इंटेलनेही २०२० च्या सुमारास पेल्टियरवर चालणारं तंत्र इतर कंपन्यांच्या कूलरमध्ये आणलं होतं. त्यातही बोर्डावर दव पडू नये म्हणून आर्द्रता मोजून तापमान दवबिंदूच्या वर धरण्याची सोय होती. बुद्धिमान माणसं फिरून त्याच जागी येतात.

पंचकार्ड | १२ जून, सकाळी ११.३०

हा धागा वाचून जुनं आठवलं म्हणून लिहितो. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा संगणक आला. माझी पहिली कार्डं (तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा) त्याच्यासाठी पंच झाली, तेही काही वर्षांनी. त्याच कंपनीने त्याच साली अमेरिकेत ६६०० बाहेर काढला, आणि त्यातली उष्णता काढायला फ्रीऑन, म्हणजे फ्रीजमधला गॅस, खेळवला होता. म्हणजे फ्रीज आणि संगणकाचं नातं साठ वर्षांचं आहे.

६६०० रचणारे सेमूर क्रे पुढे स्वतःच्या कंपनीत गेले. त्यांचा क्रे-१ १९७६ मध्ये लॉस अलामॉसला बसला. सुमारे ११५ किलोवॅट वीज खाणारं ते मशीन. सर्किटच्या प्रत्येक कार्डाच्या पाठीला तांब्याचा जाड पत्रा, त्याच्या कडा ॲल्युमिनियमच्या उभ्या दांड्यांत, आणि त्या दांड्यांच्या पोटातून स्टीलच्या नळीत फ्रीऑन. सुरुवातीला त्यांनाही त्रास झालाच. फ्रीऑनबरोबर फिरणारं कॉम्प्रेसरचं ऑइल सांध्यांतून झिरपून कार्डांवर यायचं आणि शॉर्ट व्हायचं. वेल्डिंगची पद्धत नव्याने बसवावी लागली. खाडीकाठ, तुमच्या बोर्डामागचे थेंब वाचताना मला तेच आठवलं. गणित करणारा भाग बिघडत नाही, त्याच्याभोवतीचा ओलावा घात करतो.

१९९७ मध्ये आयबीएमने एस/३९० जी४ या मेनफ्रेमच्या (मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकाच्या) प्रोसेसरला थेट रेफ्रिजरेशन युनिट जोडलं होतं. आणि २०१८ च्या जूनमध्ये तैपेईला इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला, तेव्हा टेबलाखाली एक अश्वशक्तीचा, मत्स्यालयासाठी वापरतात तसला पाण्याचा चिलर होता. मंचावर त्याचा उल्लेख झाला नाही म्हणून नंतर बरीच टीका झाली.

नागपुरी_ऊन | १२ जून, दुपारी ४.००

आमच्याकडे मे महिन्यात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते. खाडीकाठ यांच्या १२ अंशांच्या पाण्यावर इथे थेंब बसला असता का?

इंजिनरूम | १२ जून, संध्याकाळी ५.१०

नसता बसला. तुमच्या त्या हवेचा दवबिंदू अकराच्या जवळ येतो (माझं पाचने भागायचं गणित इतक्या कोरड्या हवेत चालत नाही, तक्ता बघावा लागतो). उन्हाळ्यात नागपूरला १५ अंशांचं पाणी बिनघोर फिरवता येईल. खरं तर कॉम्प्रेसरही नको, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर रेडिएटरमागे ठेवलात तरी पाणी पस्तीसच्या आसपास येईल. मुंबईत हवा आधीच वाफेने भरलेली, त्यामुळे इथे कूलर नुसता ओलावा वाढवतो. जुलैत मात्र तुम्हीही आमच्याच पंगतीत.

खाडीकाठ | २९ जून, रात्री १२.१५

उशीर झाला, पण काम झालंय. सविस्तर लिहितो.

कुर्ल्याला दोन रविवार घालवले. दुसऱ्या रविवारी एक कूलर मिळाला, चाळीस लिटरचा, दोन तोट्यांचा, एक बाजू चेपलेली. तांबटभाऊ स्वतः लालबागहून भांडुपला आले. ओळख फक्त या धाग्यावरची. गॅस नव्हता. त्यांनी नायट्रोजनचं प्रेशर भरून साबणाचं पाणी लावत लावत लीक शोधला. कंडेन्सरच्या एका वळणावर, पेनाच्या टोकाएवढ्या जागी फुगा येत होता. तिथे ब्रेझिंग केलं (धातू वितळवून भोक बुजवलं), लाइनमधला ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर नवा लावला, अर्धा तास व्हॅक्यूम मारला आणि आर-१३४ए गॅस भरला. पैसे फक्त सामानाचे घेतले. विंडो एसीमधला आर-२२ गॅस त्यांनी रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून नेला, हवेत सोडला नाही.

कूलर गॅलरीत आहे, खाली रबराचे पॅड. कंडेन्सरचं तोंड बाहेर. तोट्यांच्या जागी नळ्या जोडून खिडकीच्या ग्रिलमधून आत आणल्या, एकूण साडेचार मीटर. टाकीत डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ न धरण्याचं औषध. नळ्या काळ्या घेतल्या, पारदर्शक नळीत उजेड लागून शेवाळ येतं. टाकी जमिनीवर आणि मशीन टेबलावर, म्हणजे पंप थांबला तर पाणी टाकीकडेच उतरतं.

कंट्रोलर ईएसपी३२ या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर बनवला. आर्द्रता आणि तापमानासाठी एसएचटी३१, पाण्यासाठी डीएस१८बी२० चा वॉटरप्रूफ सेन्सर. दर अर्ध्या मिनिटाला दवबिंदू काढतो, त्यात दोन मिळवतो. पाणी त्याच्या दोन अंश वर गेलं की कॉम्प्रेसर चालू, त्या आकड्याला आलं की बंद. एकदा बंद झाला की पाच मिनिटं चालू होऊ देत नाही. सेन्सरचा आकडा यायचा थांबला तरी कॉम्प्रेसर बंद.

कोपरखळी | २९ जून, सकाळी ७.४५

वाचनखूण साठवली. गॅलरीत कॉम्प्रेसर आणि आत पाण्याच्या नळ्या, शॉक लागायची भीती नाही?

तांबट_लालबाग | २९ जून, सकाळी ८.३०

भीती आहेच, म्हणून मी त्यांच्याकडून आधी अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते. टेस्टरने कळत नाही, फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायचं. या लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) लावला आहे. स्टीलची टाकी, ओली गॅलरी, पावसाची झड, तो नसता तर मी गॅस भरला नसता.

आणि एक. नवे छोटे कूलर, फ्रीज आर-६००ए किंवा आर-२९० वर येतात. म्हणजे आयसोब्युटेन आणि प्रोपेन. ते पेट घेतात. घरच्या घरी असल्या मशीनच्या नळीला ज्योत लावू नका, बंद खोलीत तर नाहीच.

खाडीकाठ | २९ जून, सकाळी ९.१०

खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच भेटून आलो. पाणी ठिबकणार नाही हे सांगितलं आणि रात्री आवाज आला तर लगेच फोन करा म्हटलं. पहिल्या रात्री कॉम्प्रेसर थांबताना ग्रिल थरथरायची. नळ्या ग्रिलला घट्ट बांधल्या होत्या, त्या सैल करून मध्ये कापड घातलं. आता नाही.

सावनी_फ्रेम | ३० जून, दुपारी २.२०

आकडे द्या ना! रेंडरच्या वेळेत किती फरक पडला?

खाडीकाठ | ३० जून, रात्री ११.००

तोच सीन, तीच फ्रेमसंख्या. जुन्या कूलरवर मे महिन्यात सात तास चाळीस मिनिटं, आता सात तास दहा. साडेसहा टक्के. याहून मोठ्या फरकाची आशा होती, ती पुरी झाली नाही. प्रोसेसर ८३-८४ ला राहतो आणि आता २३० वॅटची मर्यादा त्याला अडवते, उष्णता नाही. म्हणजे पाणी आणखी गार करूनही फारसं काही हाती लागणार नव्हतं. १२ अंशांच्या मागे लागून मी बोर्ड घालवला तो या हिशोबाने अगदीच व्यर्थ.

पण खोली! रात्रभर रेंडर चालल्यावर सकाळी खोलीचं तापमान हॉलएवढंच असतं. कॉम्प्रेसर तासाला पंधरा-सोळा मिनिटं चालतो, वॅटमीटरवर रात्रीचं एक युनिट आणि थोडं वर. बहीण मशीनशेजारी झोपते.

इंजिनरूम | १ जुलै, सकाळी १०.००

छान. आता एक काम करा. सेन्सर तपासा. तुमची सगळी सुरक्षितता त्या एका आर्द्रतेच्या आकड्यावर उभी आहे आणि सतत दमट हवेत सेन्सर हळूहळू सरकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. झाकण आणि सेन्सर एका हवाबंद डब्यात ठेवा, मीठ सेन्सरला लागू देऊ नका. आठ-दहा तासांनी आतली आर्द्रता ७५ टक्के असली पाहिजे. मीठ आणि पाण्याचा हा गुणधर्म आहे, २५ अंश काय आणि ३० काय, आकडा जवळजवळ तोच राहतो.

खाडीकाठ | ३ जुलै, सकाळी ७.३०

लोणच्याचा रिकामा डबा घेतला. रात्री ठेवला, सकाळी ७१ दाखवत होता. चार टक्के कमी! म्हणजे दवबिंदू जवळपास एक अंशाने कमी काढत होता आणि माझ्या दोन अंशांतला एक आधीच गेला होता. प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिठाचा डबा.

दुसरा एक सेन्सर गॅलरीतही लावला आहे. आतली आणि बाहेरची हवा वेगळी असते. हॉलचा एसी चालू असून दार उघडं राहिलं तर खोलीचा दवबिंदू खाली जातो, कंट्रोलर पाणी आणखी गार करायला बघतो आणि मग गॅलरीतल्या नळ्या भिजतात. हे एका दुपारी खरंच झालं. फरशीवर थेंब पाहून पोटात गोळा आला. आता दोन्हींतला जो दवबिंदू जास्त, तो धरतो.

खाडीकाठ | २७ जुलै, सकाळी ६.५०

काल दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. खोलीत २९ अंश, ८५ टक्के. दवबिंदू २६.२, पाणी २८ आणि ३० च्या मध्ये. रात्रभर रेंडर झाला. आत्ता मशीन बंद करून बोर्ड सोडवला आणि सॉकेटच्या मागे टिश्यू पेपर दाबून पाहिला. कोरडा. नळीचे दोन्ही सांधे पुसले, कोरडे.

बहिणीची फाइल तयार आहे. लोकल बंद आहेत म्हणून पेनड्राइव्ह घेऊन जाण्याऐवजी ती अपलोड करते आहे.

तांबट_लालबाग | २७ जुलै, सकाळी ७.२०

भाऊ, पाऊस उघडला की कंडेन्सर एकदा ब्रशने साफ करून घ्या. गॅलरीत कबुतरांची पिसं अडकतात पात्यांत.